समोरचे तिघं एका घरातले हवेत: होम थिएटरचे स्पीकर कसे निवडायचे आणि कसे जुळवायचे

नमस्कार मंडळी! होम थिएटरसाठी स्पीकर घ्यायचेत, किंवा घरात दोन-तीन कंपन्यांचे आधीच पडलेत आणि ते एकत्र वाजवायचेत. कशाबरोबर काय चालतं आणि काय अजिबात चालत नाही, त्यावर आज बोलू. मी ठाण्यात, वर्तकनगरला आमच्या हॉलमध्येच बसलोय. १० बाय १६ फुटांचा हॉल आहे, तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे असतो तसाच. सोफा भिंतीला टेकलेला, एका बाजूला डायनिंग टेबल, दुसऱ्या बाजूला बाल्कनीची सरकती काच. बंगल्यातल्या वेगळ्या थिएटर रूमबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. मला अशाच हॉलबद्दल बोलायचंय.

एक तक्रार सगळीकडे ऐकू येते. पिक्चर लावला की रिमोट हातातून खाली ठेवता येत नाही. माणसं बोलायला लागली की आवाज वाढवायचा, मारामारी सुरू झाली की घाईघाईने कमी करायचा. आणि यावर लोक काय करतात? आणखी मोठा सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या बेसचा स्पीकर, आणतात. अहो, संवाद सबवूफरमधून येतच नाहीत!

५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. समोर डावा आणि उजवा, मध्ये टीव्हीखाली सेंटर, आणि बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे, दोन सराउंड. सिनेमातले बहुतेक सगळे संवाद सेंटरमधून येतात. सगळ्यात जास्त काम हाच स्पीकर करतो. आणि आपल्याकडे बजेट संपत आल्यावर सगळ्यात शेवटी, हाताला लागेल तो घेतला जातो, तोही हाच.

म्हणून माझं सांगणं असं आहे. पैसे समोरच्या तिघांत घाला, आणि ते तिघं एकाच कंपनीच्या एकाच सिरीजचे घ्या. नुसती कंपनी एक असून भागत नाही, सिरीज एक हवी. मागचे दोन आणि सबवूफर कुठलेही असले तरी जमवून घेता येतं.

असं का, ते सांगतो. गडकरी रंगायतनला नाटक बघताना नट बोलत बोलत डाव्या विंगेतून उजवीकडे जातो. आवाजाची जागा बदलते, पण गळा त्याचाच राहतो. सिनेमातही आवाज असाच डावीकडून मध्ये आणि मधून उजवीकडे फिरवलेला असतो. तिथे तीन स्पीकर तीन जातींचे असले, तर मध्ये आल्या आल्या त्या माणसाला सर्दी होते, आणि उजवीकडे गेल्यावर ती बरी होते.

हे आता ऐकवतोच. रिसीव्हरच्या, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतो त्या ॲम्प्लिफायरच्या, मेनूत टेस्ट टोन असतो, एकामागून एक प्रत्येक स्पीकरमधून ‘श्श्श’ असा आवाज येतो. डाव्या-उजव्या बाजूला मी एकाच जोडीचे दोन बुकशेल्फ, म्हणजे छोट्या पेटीचे स्पीकर, ठेवलेत, त्यांचा ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा भाग, कापडी घुमटाचा आहे. मध्ये मुद्दाम दुसऱ्या कंपनीचा, भोंग्याच्या ट्वीटरचा सेंटर लावलाय.

(टेस्ट टोन: डावा, सेंटर, उजवा. दोनदा.)

ऐकलंत? डावीकडचा ‘श्श’ भरीव आहे. मध्ये आल्यावर तो पातळ झाला, वर चढला, नाकातून आल्यासारखा वाटला. उजवीकडे पुन्हा भरीव. आणि तिन्हींची पातळी मी मीटर लावून आधीच ७५ डेसिबलवर आणलीये. आवाज कुणाचाच कमी-जास्त नाही, फरक आहे तो फक्त पोताचा.

आता जोडी तीच ठेवून त्याच सिरीजचा सेंटर लावतो.

(पुन्हा टेस्ट टोन.)

तो ‘श्श’ आता नुसता सरकतोय. तुम्ही घरी हेच करा, डोळे मिटून करा. ज्याला यातलं काही कळत नाही असं वाटतं, त्यालाही हा फरक ऐकू येतो.

यावर एक शंका हमखास येते: रिसीव्हरबरोबर माइक मिळतो, त्यातलं ऑडिसी किंवा यामाहाचं वायपाओ हे सॉफ्टवेअर सगळं आपोआप जुळवून देतं, मग एवढं कशाला बघायचं? पातळी ते नक्की जुळवतं. समजा एका स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरला तो किती मोठा वाजतो ते, ८५ डेसिबल आहे आणि दुसऱ्याची ९१. दर ३ डेसिबलला पॉवर दुप्पट लागते, म्हणजे ६ डेसिबलला चौपट. ९१वाला ज्या आवाजाला १० वॅट घेतो, त्याला ८५वाल्याला ४० वॅट लागणार. हा हिशेब रिसीव्हर सांभाळून घेतो. पोतही तो थोडाफार जवळ आणतो. पण स्पीकरचा आवाज सरळ आपल्या कानावर येतो तसा बाजूच्या भिंतींवर, फरशीवर आणि काचेवर आदळूनही येतो. स्पीकर बाजूला आवाज कसा फेकतो हे त्याच्या बांधणीवर ठरतं, आणि माइक लावून बांधणी बदलत नाही. १० फूट रुंदीच्या हॉलमध्ये भिंती इतक्या जवळ असतात, की तो आदळलेला आवाज भरपूर असतो.

सेंटरबद्दल अजून थोडं बोलायला हवं. आडवा सेंटर घेतला, दोन वूफर (खालच्या-मधल्या सुरांचे मोठे भाग) आणि मध्ये ट्वीटर, तर समोर बसणाऱ्याला तो छान ऐकू येतो. पण बाजूच्या खुर्चीत बसलेल्या आजींपर्यंत दोन्ही वूफरचा आवाज वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि मधल्या काही सुरांत एकमेकांना खातो. संवाद नेमके तिथेच गढूळ होतात. टीव्ही भिंतीवर असेल आणि खाली उंची मिळत असेल, तर डाव्या-उजव्यासारखाच तिसरा बुकशेल्फ उभा लावा. यापेक्षा चांगला सेंटर नाही. अडचण एवढीच, की बरेच दुकानदार जोडी फोडून एकटा स्पीकर देत नाहीत. विचारा, आग्रह करा. दोन जोड्या घेऊन चौथा सराउंडला वापरणारेही आहेत. आडवाच घ्यावा लागला तर तो टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकलू नका. पुढची कड फळीच्या कडेला आणा आणि खाली रबराचे तुकडे देऊन तोंड थोडं वर, कानांकडे करा. फुकटातली सुधारणा आहे ही.

आणि जुळणारा सेंटर मिळतच नसेल तर? तर सेंटर लावूच नका. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये सेंटर ‘नन’ करा, संवाद डाव्या-उजव्यात वाटले जातात आणि मधोमध बसलेल्याला ते बरोबर टीव्हीतूनच आल्यासारखे वाटतात. नवरा-बायको दोघंच बघणारे असतील तर हे उत्तम चालतं. मात्र पाच माणसं हॉलभर पसरून बसणार असतील तर नाही, कारण जो कडेला बसतो त्याला सगळे संवाद त्याच्याच बाजूच्या स्पीकरमधून ऐकू येतात.

आता जुने स्पीकर. वडिलांनी हौसेने घेतलेली सोनोडाइनची किंवा फिलिप्सची जोडी बऱ्याच घरांत आहे, आणि ती टाकून द्या असं मी कधीच म्हणणार नाही. पण तिला पुढे ठेवून तिच्याशी जुळणारा सेंटर शोधत वर्षं घालवू नका. समोर नवे तीन घ्या, जुनी जोडी सराउंडला न्या. मागून बहुतेक वेळा पाऊस, गर्दी, टाळ्या असे आवाज येतात. तिथे पोत थोडा वेगळा असला तर खटकत नाही.

त्याआधी दोन गोष्टी तपासायच्या. जाळी काढा. कोनाच्या, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या पडद्याच्या, कडेला ही जी मऊ गोल पट्टी आहे, ती बघा.

(कॅमेरा वूफरच्या कडेवर, अगदी जवळ.)

ही रबराची असेल तर निर्धास्त राहा. फोमची असेल तर बोट हलकंच टेकवा, दाबू नका. फोम काळानुसार आपोआप झिजतो, आणि आपली खाडीकाठची दमट हवा त्याला आणखी लवकर खाते. बघा, बोटाला हा काळा चिकट भुगा लागला. अशी कडा घेऊन स्पीकर जोरात वाजवला तर कोन तिरका होऊन आतली कॉइल घासते आणि कायमची जाते. दुरुस्तीवाले नवी फोमची कडा बसवून देतात, कोन शाबूत असेल तर तेवढं पुरतं.

दुसरी तपासणी दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलने करायची. सेलचा प्लस लाल टर्मिनलला, मायनस काळ्याला, क्षणभर टेकवा आणि काढा. कोन टप् करून बाहेर आला पाहिजे. आत गेला तर कुणीतरी आतल्या वायरी उलट जोडल्यात. एक स्पीकर बाहेर आणि दुसरा आत, असं झालं की दोघांचा बेस एकमेकांना मारतो आणि आवाज कुठून येतोय तेच कळत नाही.

मागच्या लेबलवर ओहम, म्हणजे स्पीकरचा विद्युत अडथळा, बघा. ६ किंवा ८ असेल तर बहुतेक रिसीव्हर आरामात चालवतात. ४ असेल तर रिसीव्हरला करंट जास्त द्यावा लागतो, तो तापतो आणि प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतो; त्याच्या मॅन्युअलमध्ये ४ ओहम चालतं असं लिहिलं असेल तरच लावा. आणि ८-८ ओहमचे दोन स्पीकर एकाच टर्मिनलवर समांतर जोडले तरी ते ४ होतात, हे लक्षात ठेवा. वॅटचं म्हणाल तर खोक्यावरच्या पीएमपीओच्या हजारांच्या आकड्याला काही अर्थ नसतो, आरएमएस, म्हणजे सतत चालणारी पॉवर, किती तेवढंच बघा.

डीव्हीडी प्लेअरबरोबर आलेल्या जुन्या ५.१ सेटचं काय करायचं? त्याचे छोटे स्पीकर सराउंडला वापरता येतील, ओहम बघून. पण त्यातल्या बऱ्याच सबवूफरना स्वतःचा ॲम्प्लिफायर नसतो. मागे फक्त स्पीकरची वायर लावायची जागा दिसली आणि वीजेची केबल नसली, तर तो नव्या रिसीव्हरच्या सब-आउटला लावून वाजणार नाही.

सबवूफर स्वतंत्र घ्या, कंपनीचा विचार न करता घ्या. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला सहसा सांगता येत नाही, त्यामुळे तिथे पोत जुळवायचा प्रश्नच नाही. रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर ‘स्मॉल’ (म्हणजे त्यांचा खालचा बेस सबकडे जातो) आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झ, इथून सुरुवात करा. सराउंड अगदी छोटे असतील तर त्यांच्यापुरता १२० करा. सबच्या मागचा क्रॉसओव्हरचा नॉब मात्र पूर्ण वर ठेवायचा, नाहीतर एकच आवाज दोनदा कापला जातो.

सब कुठे ठेवायचा, हे सब कुठला घ्यायचा याच्याइतकंच महत्त्वाचं आहे. १६ फूट लांबीच्या हॉलमध्ये साधारण ३५ हर्ट्झला आवाज घुमतो, १० फुटांच्या रुंदीत ५६च्या आसपास, आणि हे घुमणं भिंतीलगत सर्वात जास्त असतं. आपला सोफा बरोबर भिंतीलगतच! एक-दीड फूट पुढे ओढता आला तर ओढा. मग सब उचलून सोफ्यावर, तुमच्या जागी ठेवा, बेसचं एखादं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर फिरत ऐका. जिथे बेस आटोपशीर आणि स्पष्ट वाटेल, तीच सबची जागा.

सोफा भिंतीलाच असेल तर ७.१च्या, म्हणजे पाठीमागे आणखी दोन स्पीकर लावायच्या, नादी लागू नका, त्या दोघांना जागाच नाही. सराउंड बाजूच्या भिंतींवर, कानाच्या एक-दोन फूट वर, किंचित मागे. घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या नव्या टॉवरमध्ये भिंती मिव्हनच्या, म्हणजे सगळं काँक्रीट. साध्या ड्रिलने काम होत नाही, हॅमर ड्रिल लागतं. आणि वायर आत घेण्यासाठी ती भिंत फोडायची नाही, पट्टीतून बाहेरूनच न्या. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर हॉलभर पुरते.

खरेदीला ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलात की लॅमिंग्टन रोड आहेच. तिथे जा किंवा जवळच्या शोरूमला, पण स्पीकर ऐकताना मारामारीचा सीन लावू देऊ नका. मराठी बातम्या लावा. बाईचा आवाज, पुरुषाचा आवाज, ‘स’ आणि ‘श’ नीट वेगळे येतायत का ते ऐका. आपली भाषा आपल्या कानाला पाठ असते, त्यामुळे खोट लगेच सापडते.

घरी सगळं जोडलं की माइकचं कॅलिब्रेशन रात्री उशिरा करू नका, तो टोन खालच्या घरापर्यंत जातो. दुपारी करा, पंखा आणि एसी बंद, खिडक्या लावलेल्या, माइक कानाच्या उंचीवर. झाल्यावर मेनूत जाऊन बघा, समोर टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर, असतील तर रिसीव्हरने ते ‘लार्ज’ केलेले असू शकतात. पुन्हा ‘स्मॉल’ करा. सबचं अंतर टेपने मोजल्यापेक्षा जास्त दाखवलं तर तसंच राहू द्या, सबच्या आतल्या सर्किटमुळे आवाज उशिरा येतो आणि रिसीव्हर तो उशीर धरून अंतर लिहितो.

रात्रीचं सेटिंग वेगळं करून ठेवा. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेसाठी ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि बेस स्लॅबमधून खालच्या घरात जातोच. सबखाली रबराचं पॅड घातल्याने फरशीची थरथर कमी होते, हवेतून जाणारा आवाज नाही. त्यामुळे १० नंतर सब ४-५ डेसिबल खाली घ्या, सेंटर २ डेसिबल वर, आणि रिसीव्हरचा नाइट मोड चालू करा. त्याने मोठे आवाज खाली येतात आणि कुजबुज वर येते. छतातल्या ॲटमॉस स्पीकरांबद्दल पुढच्या व्हिडिओत. भेटू!