बाक कुठून आला : वाढत्या वयातील कण्याच्या वक्रतेमागील जनुकांचा माग

पडद्यावर दिसणारी ही पाठ वाढीच्या वयातील एका मुलीची आहे. ती सरळ उभी असताना फारसे काही जाणवत नाही. फार तर एक खांदा किंचित वर आणि कमरेची एक बाजू अधिक खोल भासते. आता ती गुडघे न वाकवता, हात सैल सोडून पुढे वाकते आणि पाठीच्या उजव्या बाजूला बरगड्यांचा उंचवटा वर येतो. कणा केवळ बाजूला कललेला नसतो. बाकातला प्रत्येक मणका स्वतःभोवतीही थोडा फिरलेला असतो आणि आपल्याला जोडलेल्या बरगड्यांना मागे ढकलत असतो. इंग्रज शल्यविशारद विल्यम ॲडम्स यांच्या नावाने ओळखली जाणारी ही तपासणी एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली आहे, आणि तिला एक मिनिटही लागत नाही.

हा तिचा एक्स-रे. बाकाच्या वरच्या टोकाला सर्वाधिक कललेला मणका शोधून डॉक्टर त्याच्या वरच्या कडेलगत एक रेघ ओढतात, मग खालच्या टोकाच्या मणक्याच्या खालच्या कडेलगत दुसरी. या दोन रेघांमधला कोन म्हणजे कॉब कोन. जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही जगभर वापरली जाते. कोन १० अंश किंवा त्याहून अधिक भरला, की त्या बाकाला स्कोलिओसिस म्हणतात. १० ते १८ या वयात साधारण २ ते ३ टक्के मुलामुलींमध्ये तो आढळतो. लहान बाक मुलगे आणि मुली यांच्यात जवळजवळ सारखेच असतात. कोन ३० अंशांच्या पुढे गेला की मात्र मुलींची संख्या मुलग्यांच्या कित्येक पट होते.

सुमारे ८० टक्के रुग्णांच्या कागदपत्रांवर ‘इडिओपॅथिक’ हा शब्द लिहिलेला असतो. मणक्याच्या घडणीतील जन्मजात दोष, स्नायूंचा किंवा मज्जातंतूंचा आजार असे कोणतेही उघड कारण सापडले नाही, एवढाच त्याचा अर्थ. ही रिकामी जागा फार काळ दोषारोपांनी भरली गेली : दप्तर जड होते, मुलगी पोक काढून बसत होती, आईने वेळीच टोकले नाही. यांपैकी एकाही गोष्टीने असा बाक येतो, हे संशोधनातून सिद्ध झालेले नाही, आणि पुढचे काहीही सांगण्याआधी हे सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

शेजारी शेजारी लावलेले हे दोन एक्स-रे एकबीज जुळ्या बहिणींचे आहेत. जुळ्यांवरील जुन्या नोंदी एकत्र करून १९९७ मध्ये केलेल्या अभ्यासात, एकाला बाक असल्यास दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण एकबीज जुळ्यांमध्ये ७३ टक्के, तर द्विबीज जुळ्यांमध्ये ३६ टक्के आढळले. पुढे डेन्मार्कमधील जुळ्यांच्या नोंदवहीतून आलेले आकडे याहून बरेच कमी निघाले. तरीही एकबीज जुळ्यांमधले साम्य अधिक, हा कल तिथेही टिकून राहिला. बाक वंशातून येतो, याचा हा सबळ पुरावा आहे. पण एकबीज जुळ्यांची सगळी जनुके सारखी असूनही हे प्रमाण १०० टक्क्यांपर्यंत पोचत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

मार्फान सिंड्रोमसारख्या विकारात एकाच जनुकातील बिघाड पुरेसा असतो आणि कण्याचा बाक हे त्याच्या अनेक लक्षणांपैकी एक असते. या मुलीच्या बाबतीत असा एकच धागा हाती लागत नाही. म्हणूनच पडद्यावर दिसणाऱ्या या नळ्या एका कुटुंबाच्या नसून हजारो व्यक्तींच्या डीएनएच्या आहेत. बाक असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या डीएनएमधील लाखो ठिकाणे ताडून पाहायची आणि कोणते अक्षर, म्हणजे डीएनएचा कोणता रासायनिक घटक, एका गटात अधिक वेळा येते ते शोधायचे, अशी ही पद्धत आहे. जपानमधील संशोधकांनी बाक असलेल्या १,३७६ आणि नसलेल्या ११,२९७ स्त्रियांच्या डीएनएची अशी तुलना केली आणि २०११ मध्ये दहाव्या गुणसूत्रावर, एलबीएक्स१ या जनुकाच्या शेजारी, पहिली ठळक खूण दाखवून दिली. इतर देशांतील अभ्यासांतही ती पुन्हा सापडली. हे जनुक मज्जारज्जूतील काही चेतापेशींच्या आणि स्नायूंच्या घडणीत भाग घेते. मात्र हीच खूण कणा सरळ असलेल्या असंख्य लोकांमध्येही असते. ती धोका थोडासा वाढवते, बाक ठरवून टाकत नाही. २०१५ मध्ये विसाव्या गुणसूत्रावर पॅक्स१ जनुकाजवळ आणखी एक खूण मिळाली, आणि तिचा परिणाम मुलींमध्येच दिसला. अशा खुणांची संख्या आता वीसच्या पुढे गेली आहे.

आता हा मासा. दोन बोटांत मावेल एवढा झेब्राफिश. चार पायांवर चालणाऱ्या प्राण्यांमध्ये असा बाक आपोआप क्वचितच येतो. पाण्यातून पुढे जाताना माशाच्या कण्यावर मात्र डोक्याकडून शेपटीकडे दाब पडतो, त्यामुळे तो या अभ्यासाला सोयीचा ठरला. वरच्या टाकीतील मासे सरळ पोहत आहेत. खालच्या टाकीतील माशांमध्ये पीटीके७ हे जनुक निकामी आहे. त्यांचे मणके नीट घडले होते. वाढीच्या काळात कणा हळूहळू नागमोडी झाला. मेंदूतील पोकळ्यांच्या अस्तरावर सतत हलणारे अतिसूक्ष्म रोम असतात आणि त्यांच्या हालचालीने मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा द्रव वाहता राहतो. या माशांमध्ये तो प्रवाह बिघडलेला होता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात रोम असलेल्या पेशींपुरतेच जनुकाचे काम पूर्ववत केले, तेव्हा बाक आला नाही. आणि दुसऱ्या एका प्रयोगात रोमांची हालचाल उशिरा सुरू करून दिल्यावर आधीच आलेला बाक पुढे वाढणे थांबले. हाडाच्या विकाराचे मूळ हाडाबाहेर, एका द्रवाच्या वाहण्यात असू शकते, हे इथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे दिसले. माशात दिसले ते माणसात तसेच घडते, असे यावरून म्हणता येत नाही. पण शोध कुठे घ्यायचा, ते कळले.

उपचार जनुकांवर नव्हे, कोनावर ठरतात : लहान बाकावर लक्ष ठेवले जाते, वाढ शिल्लक असताना मध्यम बाकाला ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचा ताठ आधारपट्टा, दिला जातो, आणि ४५-५० अंशांच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. २०१३ मधील एका मोठ्या चाचणीत ब्रेसने बाकाची वाढ रोखली जाते हे सिद्ध झाले, आणि तो दिवसात जितके अधिक तास वापरला तितके यश अधिक मिळाले.

पहिल्या दृश्यातील मुलीला एक धाकटी बहीण आहे. जवळच्या रक्ताच्या नात्यात बाक असण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असल्यामुळे आज तिचीही तपासणी आहे. ती पुढे वाकते. पाठीवर आडवी ठेवलेली ही पट्टी म्हणजे स्कोलिओमीटर; ती कॉब कोन नव्हे, तर पाठीचा पीळ मोजते. तिच्या वळणदार नळीतली गोळी डावीउजवीकडे हलते आणि ४ अंशांवर स्थिरावते. ७ अंश भरले असते, तर एक्स-रे काढावा लागला असता. मोठ्या बहिणीने नळीत डोकावून आकडा वाचला आहे, आणि डॉक्टरांनी धाकटीला सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे.