माळरानाचा कर्ब मातीत मोजायचा

मंडळी, बालाघाटचा माळ उन्हाळ्यात पाहिला की वाळलेली कुसळी, मध्येच एखादा हिवर, चार बोरी आणि उघडा मुरूम एवढंच दिसतं. दप्तरात अशा जमिनीला पडीक म्हणतात. मग कर्ब (कार्बन) साठवायचा म्हटलं की जेसीबी लावून झाडं लावायची टूम निघते. पण इथला बहुतेक कर्ब मातीत आणि गवताच्या मुळांत आहे. वणवा लागला तर वरचं गवत जातं, ठोंबाचा बुडखा वाचतो आणि पहिल्या पावसात फुटतो. नांगर घातला की मात्र मातीची ढेकळं फुटतात, आत दडलेला कर्ब जिवाणूंना खुला होतो आणि हवेत जातो. तो परत साठायला दशकं लागतात. म्हणून माळाला हात लावण्याआधी मोजा.

5 सेंटिमीटर व्यासाचं, तेवढ्याच उंचीचं लोखंडी कडं घ्या. त्यात 98 घनसेंटिमीटर माती बसते. 0 ते 15 आणि 15 ते 30 सेंटिमीटर असे दोन थर वेगळे काढा. माती 105 अंशांवर 24 तास वाळवा, 2 मिलिमीटरच्या चाळणीतून काढा आणि वर राहिलेले खडे वेगळे मोजा. सेंद्रिय कर्बाची टक्केवारी, मातीची घनता (दर घनसेंटिमीटरला ग्रॅम) आणि सेंटिमीटरमधली खोली यांचा गुणाकार केला की हेक्टरी टन मिळतात. 0.7 टक्के, 1.3 घनता, 30 सेंटिमीटर: 27.3 टन. पण मुरमाड माळावर 40 टक्के जागा दगडांनी व्यापलेली असली तर खरा आकडा 16.4. सगळ्यात जास्त चूक इथेच होते, आणि ती नेहमी फुगवणारीच असते.

दुसरी फसगत चुनखडीची. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. फेस आला तर चुना आहे. शुद्ध चुनखडीत वजनाने 12 टक्के कर्ब असतो, म्हणजे मातीत 10 टक्के चुनखडी असली तर तिचाच कर्ब 1.2 टक्के भरतो, सेंद्रिय कर्बाहून जास्त. माती जाळून एकूण कर्ब मोजणाऱ्या यंत्राला हा फरक कळत नाही. आधी आम्लाने चुना काढावा लागतो. वॉकली-ब्लॅक या प्रयोगशाळेतल्या रासायनिक पद्धतीत चुना मोजला जात नाही, पण सेंद्रिय कर्बही साधारण 77 टक्केच पकडला जातो. प्रयोगशाळेने 1.3 ने गुणलंय का, हे विचारून घ्या.

पायथ्याची काळी माती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते. घनताही तशी बदलते. पुढच्या खेपेला त्याच महिन्यात, त्याच ओलीला नमुने घ्या.

आता चराई. गवत बुडापर्यंत खुरटलं की मुळंही आखडतात आणि मातीला नवा कर्ब मिळत नाही. पावसाळ्यात गायरानाचा एक तुकडा आळीपाळीने बंद ठेवा. पवन्या, मारवेल या गवतांचं बी झडू द्या, मगच कापा, तेही जमिनीपासून चार बोटं वर. पुढच्या वर्षी दुसरा तुकडा बंद.