गाठीला सुई लावल्याशिवाय स्टेज लिहू नये

मित्रहो, लातूर, धाराशिव, बीडच्या गावोगावी दवाखाने चालवणाऱ्या आपल्यापुढे बोलताना मला आनंद होतो, कारण फुप्फुसाच्या कर्करोगाचा रुग्ण माझ्यापर्यंत येतो तो बहुधा आपण तपासल्यानंतरच. आज मी उपचारांच्या आधीच्या पायरीबद्दल, म्हणजे आजार छातीत कुठवर पोहोचला आहे हे ठरवण्याबद्दल बोलणार आहे.

दोन्ही फुप्फुसांच्या मधल्या जागेत, श्वासनलिका, अन्ननलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या आजूबाजूला लसिकाग्रंथी असतात आणि त्यांना ठरलेले क्रमांक आहेत. कर्करोग फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींपर्यंतच असेल तर तो एन-१. त्याच बाजूच्या मधल्या ग्रंथींत किंवा श्वासनलिका दुभंगते तिच्या खालच्या ७ क्रमांकाच्या ग्रंथीत गेला तर एन-२. आणि विरुद्ध बाजूला किंवा गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या ग्रंथींत पोहोचला तर एन-३. बाकी प्रकृती साथ देत असेल तर पहिल्या गटात शस्त्रक्रियेचा विचार आधी होतो, तिसऱ्या गटात सहसा होत नाही, आणि मधल्या गटात सर्जन, किरणोपचारतज्ज्ञ व केमोतज्ज्ञ यांना एकत्र बसूनच ठरवावे लागते. स्टेज ठरवण्याच्या टीएनएम या जागतिक पद्धतीच्या, २०२५पासून लागू झालेल्या नवव्या आवृत्तीत तर एन-२चेही दोन भाग झाले आहेत: एकाच क्रमांकाच्या ग्रंथींत आजार असेल तर ए आणि एकाहून अधिक क्रमांकांत असेल तर बी. म्हणजे ‘मध्ये गाठी आहेत’ एवढ्याने आता भागत नाही. कोणत्या ग्रंथीत काय आहे, ते एकेक करून सांगावे लागते.

सीटीवर १० मिलिमीटरपेक्षा जाड ग्रंथी मोठी धरतात, परंतु मोठी ग्रंथी निरोगी आणि लहान ग्रंथी बाधित असू शकते. पेट स्कॅन त्याहून सरस आहे. मात्र त्यासाठी टोचलेली साखर खाणारी प्रत्येक ग्रंथी उजळते, आणि क्षयाची ग्रंथीही साखर खाते. ज्या भागात घराघरांत कोणाला तरी टीबी होऊन गेला आहे, तिथे उजळलेल्या ग्रंथीला पुराव्याशिवाय कर्करोग म्हणणे हा माझ्या मते रुग्णावर अन्याय आहे. उलट बाजूचा अन्यायही मी पाहिला आहे: थुंकीत जंतू सापडलेले नसताना केवळ एक्सरेवरच्या डागावरून सहा-सहा महिने टीबीच्या गोळ्या चालू राहतात आणि तेवढ्यात कर्करोग हाताबाहेर जातो.

औसा तालुक्यातले एक शेतकरी माझ्याकडे आले होते. तीस वर्षे बिडी, उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात कर्करोगाची गाठ, आणि पेट स्कॅनवर मधल्या तीन ग्रंथी उजळलेल्या, त्यांतली एक डाव्या बाजूची. मुलाला कोणीतरी सांगून टाकले होते की आता ऑपरेशन होणार नाही. आम्ही त्यांची ईबस तपासणी केली. यात टोकाशी सोनोग्राफी असलेली दुर्बीण तोंडातून श्वासनलिकेत उतरवतात. नळीच्या भिंतीला टोक टेकले की पलीकडची ग्रंथी पडद्यावर काळसर गोल दिसते, शेजारची रक्तवाहिनी रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लरवर रंगीत होते, आणि भिंतीतून शिरणारी सुई पांढऱ्या रेघेसारखी ग्रंथीत जाताना डोळ्यांना दिसते. सुई आतल्या आत दहा-पंधरा वेळा पुढे-मागे फिरवली की काचपट्टीवर थेंब आणि फॉर्मॅलिनमध्ये दोऱ्यासारखा तुकडा मिळतो. त्यांच्या बाबतीत पहिली सुई डाव्या ४-एल ग्रंथीत, मग ७मध्ये, मग उजव्या ४-आरमध्ये गेली. हा क्रम मोडायचा नसतो. आधी एन-३, मग एन-२, शेवटी एन-१, कारण उलट गेल्यास जवळच्या ग्रंथीतल्या कर्कपेशी सुईबरोबर लांबच्या ग्रंथीत जातात आणि रुग्णाची स्टेज आपल्याच हाताने खोटी वाढते. तिन्ही ग्रंथींत क्षयाच्या गुठळ्या निघाल्या, कर्कपेशी एकीतही नव्हत्या. तरीही आम्ही तिथे थांबलो नाही, कारण कर्करोग आणि क्षय एकाच छातीत नांदू शकतात. सर्जनने मानेखालच्या छोट्या छेदातून मेडियास्टिनोस्कोपी, म्हणजे मधल्या जागेची दुर्बिणीने तपासणी, करून खात्री केली, टीबीचे औषध सुरू झाले आणि मग शस्त्रक्रिया झाली.

श्वासनलिकेतून सगळेच हाती लागत नाही. अन्ननलिकेलगतच्या ८ आणि ९ क्रमांकाच्या ग्रंथी, यकृताचा डावा भाग आणि मूत्रपिंडावरची डावी अधिवृक्क ग्रंथी अन्ननलिका व जठराच्या वाटेने गाठता येतात. हीच एंडोस्कोपिक सोनोग्राफी, म्हणजे ईयूएस. ज्याला खोकल्याची उबळ थांबत नाही किंवा ज्याचा ऑक्सिजन चटकन खाली येतो, त्याला ही वाट सोसते. विशेष म्हणजे ईबसचीच दुर्बीण त्याच बैठकीत अन्ननलिकेत घालता येते. महाधमनीलगतच्या ५ आणि ६ क्रमांकाच्या ग्रंथी मात्र या दोन्ही वाटांना सहसा दाद देत नाहीत.

२०१०मध्ये बेल्जियम, नेदरलँड्स आणि इंग्लंडमधल्या केंद्रांनी २४१ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. थेट मेडियास्टिनोस्कोपीसारख्या शस्त्रक्रियेने तपासलेल्या गटात बाधित ग्रंथी ७९ टक्के सापडल्या. आधी दोन्ही वाटांनी सोनोग्राफी आणि काही न सापडल्यास मग शस्त्रक्रिया, असे केलेल्या गटात ९४ टक्के. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, निष्कारण छाती उघडावी लागल्याचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. छाती उघडून काहीच न करता मिटलेल्या रुग्णाचे पुढचे महिने ज्याने पाहिले आहेत, त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

आपल्याकडून मला काही गोष्टी हव्या आहेत. रुग्ण पाठवताना सीटीचा केवळ अहवाल न देता सीडीही द्यावी. पूर्वी टीबीचे औषध झाले असेल तर त्याची तारीख आणि कागद सोबत असावेत. रक्त गोठू न देणारे क्लोपिडोग्रेल चालू असल्यास चिठ्ठीवर ठळक लिहावे. ते थांबवायचे की नाही, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरेल. आणि पहाटेच्या एसटीने निघणाऱ्या माणसाला सहा तास उपाशी राहायचे आहे हे आदल्या रात्रीच सांगावे, नाहीतर तो वाटेत नाश्ता करतो आणि त्याची तपासणी आणखी एक दिवस पुढे जाते.