मराठीची कुळकथा लिहिणारा पॅरिसचा प्राध्यापक

नमस्कार मंडळी! पंजाबी माणूस म्हणतो 'हत्थ', हिंदीवाला 'हाथ' आणि आपण 'हात'. असं का?

मूळ संस्कृत 'हस्त'. प्राकृतात झाला 'हत्थ'. पंजाबी तिथेच थांबली. हिंदी-मराठीने जोडाक्षर सोडवलं, त्याची भरपाई म्हणून आधीचा 'अ' लांबवून 'आ' केला. मराठीने तर शेवटच्या 'थ'मधला हकारही (ह चा श्वास) टाकला, उरला 'त'. 'भीख'चं 'भीक' बघा, 'सीखना'चं 'शिकणं' बघा. तीच तऱ्हा. म्हणजे हे आपल्या जिभेचे लाड नाहीत, यामागे नियम आहे.

असे नियम ओळीने लावून मराठीचा इतिहास मांडला तो ज्यूल ब्लॉक या फ्रेंच माणसाने. जन्म १८८०, पॅरिसचा. गुरू कोण? संस्कृतचे सिल्व्हँ लेव्ही आणि तौलनिक भाषाशास्त्रातलं बडं प्रस्थ आंत्वान मेये. असे दोन गुरू लाभल्यावर माणूस ग्रीक-लॅटिनकडे वळला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं. हा मराठीकडे वळला!

मराठीवरचा त्याचा फ्रेंच ग्रंथ १९२० मध्ये बाहेर आला. आधी ध्वनी, मग रूपं, आणि शेवटी शब्दांची व्युत्पत्तीसूची. वाचायला रुक्ष आहे, खोटं कशाला बोलू? पण शब्द दिसायला सारखे म्हणून नातं जुळवायचं, ही आपली जुनी खोड तिथे चालत नाही. प्रत्येक बदलाला पुरावा लागतो. बंगालीचा इतिहास लिहिणारे सुनीतिकुमार चटर्जी पॅरिसला ब्लॉककडे शिकले होते. त्यांचा गाजलेला ग्रंथ १९२६ चा.

पुढे १९३७ मध्ये ब्लॉक पॅरिसच्या कोलेज द फ्रान्स या नामांकित संस्थेत संस्कृतचे प्राध्यापक झाले. त्याआधी, १९३४ मध्ये, वेदांपासून आजच्या बोलींपर्यंत सगळ्या आर्यभाषांचा आढावा लिहून झाला होता. मग द्राविडी भाषांचं व्याकरण, अशोकाचे शिलालेख. १९५३ मध्ये ते गेले. त्याच वर्षी युरोपातल्या जिप्सींवरचं त्यांचं छोटेखानी पुस्तक आलं. विषय लांबचा वाटतो, पण जिप्सींची रोमानी भाषाही आपल्याच आर्य कुळातली.

आणि मराठीवरच्या त्या १९२० च्या ग्रंथाचा मराठी अनुवाद? वा. गो. परांजपे यांनी तो केला, 'मराठी भाषेचा विकास' या नावाने, १९४१ मध्ये. एकवीस वर्षं लागली, हे मला खटकतं. पण इंग्रजी अनुवाद त्याच्याही नंतरचा, १९७० चा. तेव्हा इंग्रजीत शोधत बसू नका. जुन्या ग्रंथालयात परांजप्यांची प्रत मागा आणि आधी व्युत्पत्तीसूची उघडा.