रंगावर जाऊ नका

हे दोन खडे मागच्या रांगेपर्यंत फिरवा. दोन्ही पांढरट, दोन्ही थोडे आरपार दिसणारे. एक गारगोटी, एक कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज. कुठला कुठला ते आत्ता सांगत नाही. रंग सोडून खनिज कशाकशावरून ओळखायचं, तेच आज बघू.

नवीन नोकरी लागली तेव्हा खंडाळ्याला रस्त्याकडेच्या एकाने मला असाच तुकडा ‘अस्सल स्फटिक’, म्हणजे आरपार गारगोटी, म्हणून दिला. मी भूगर्भशास्त्र शिकलेला माणूस, तरी झळाळी बघून भुललो. घरी आईने देवाच्या भांड्यांबरोबर तोही लिंबाने घासायला घेतला. बारीक बुडबुडे आले आणि चमक गेली. आम्लात फसफसतो तो कॅल्साइट. आईने निदान केलं, पदवी माझ्याकडे होती.

खरं तर लिंबापर्यंत जायची गरजच नव्हती. काठिण्य बघितलं असतं तरी पुरे. मोस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये मांडलेल्या काठिण्याच्या श्रेणीत संगजिरे १, कॅल्साइट ३, गारगोटी ७, हिरा १०. आपलं नख साधारण अडीच, पोलादी चाकू साडेपाचच्या आसपास. चाकूने कॅल्साइटवर चरा पडतो, गारगोटीवर नाही. मात्र रेघ दिसली की बोटाने पुसून बघा. पुसली गेली तर ती चाकूचीच पूड, दगडाला काही झालेलं नाही. या श्रेणीच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, हेही ध्यानात असू द्या: ९ वरच्या कुरुंदापेक्षा हिरा कितीतरी पटींनी कठीण.

फुटण्याची तऱ्हाही बोलकी. कॅल्साइट कसाही फोडा, तुकडे तिरक्या कोपऱ्यांचेच पडतात, जाड काजूकतलीसारखे. याला पाटन म्हणतात. गारगोटीला पाटन नाही. ती बाटलीच्या काचेसारखी वक्र फुटते.

आणि कस, म्हणजे खनिज घासल्यावर उमटणाऱ्या पुडीचा रंग. झवेरी बाजारात सोनं कसोटीवर घासतात, तेच आपण टाइलच्या मागच्या खरबरीत बाजूवर करायचं. काळं, चकचकीत हेमॅटाइट घासलं की रेघ उमटते गेरूसारखी तांबडी. सोन्यासारखं दिसणारं पायराइट हिरवट काळी रेघ काढतं, तिथेच त्याचं सोंग उघडं पडतं. गारगोटी मात्र टाइललाच ओरखडते, तिचा कस असा मिळत नाही.

मुंबईकरांना खरी मौज आपल्याच काळ्या दगडात, बेसाल्टमध्ये. त्यातल्या पोकळ्यांत झिओलाइट गटातली खनिजं वाढली. मालाड, कांदिवलीच्या खाणींतले नमुने जगभरच्या संग्रहांत आहेत. त्यांतलाच हा स्टिलबाइट बघा: स्फटिक भाताच्या पेंढीसारखे मधे आवळलेले, पाटनाच्या पृष्ठावर मोत्यासारखी झाक. हातात घ्या, हलका लागेल. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड ते, २.२ च्या आसपास, गारगोटीचं २.६५. एवढा फरक नुसत्या तळहाताला कळायला सराव लागतो, पहिल्याच दिवशी हट्ट नको.

खडे परत आले? घराची चावी काढा, एकेका खड्यावर घासून बघा. लिंबू इथे टेबलावर ठेवलंय, पण ते शेवटी.