गव्हाचा बुटकेपणा: जनुक कोणतं, हे विचारायलाच हवं

(ठाण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, शहापूर-मुरबाडकडे भातशेती असलेले काही जण समोर आहेत, म्हणून सुरुवात भातापासून करू. आयआर-८ किंवा जया या बुटक्या भातांत जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक कमी तयार होतं, कारण ते बनवणाऱ्या एका विकराचं (एन्झाइमचं) जनुक बिघडलेलं असतं. बाहेरून जिबरेलिन दिलं की रोप उंच होतं. नोरिन-१० या जपानी वाणाकडून बुटकेपणा घेतलेल्या गव्हाला तेच द्या, रोप ढिम्म हलत नाही. त्याच्याकडे संप्रेरक भरपूर असतं, पण त्याला दाद देणारी यंत्रणाच बधिर झालेली असते.

पेशीत डेला नावाचं प्रथिन वाढीला ब्रेक लावून बसलेलं असतं. जिबरेलिन आलं की हे डेला प्रथिन पकडलं जातं, तोडलं जातं आणि खोड लांबतं. गव्हाच्या ४बी गुणसूत्रावरच्या आरएचटी-बी१ (आरएचटी म्हणजे ‘रिड्यूस्ड हाइट’, कमी उंची) जनुकात ६४व्या कोडॉनमध्ये, म्हणजे तीन अक्षरी शब्दात, एक अक्षर बदललं आणि तिथे ‘थांबा’ अशी खूण तयार झाली. ४डीवरच्या आरएचटी-डी१मध्ये तेच ६१व्या कोडॉनमध्ये घडलं. पेशी त्या खुणेच्या पुढून पुन्हा प्रथिन बनवू लागते, पण पकडलं जाण्यासाठी लागणारा सुरुवातीचा तुकडा त्यात नसतो. ब्रेक सुटतच नाही. हा उलगडा १९९९ साली झाला. साध्या गव्हात जनुकांचे ए, बी, डी असे तीन संच असतात. एका संचातलं जनुक नुसतं बंद पडलं तर उरलेले दोन संच काम भागवून नेतात. म्हणून इथे असाच बदल उपयोगी पडला, जो एकटा असूनही बाकीच्यांना पुरून उरतो.

इतिहास थोडक्यात. जपानी गहू-पैदासकार गोंजिरो इनाझुका यांचं नोरिन-१० हे वाण १९३५ साली प्रसारित झालं. १९४६मध्ये ते अमेरिकेत गेलं, तिथे गहू-पैदासकार ऑरव्हिल व्होगेल यांनी वापरलं आणि त्यांच्याकडून हरितक्रांतीचे नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे मेक्सिकोत पोहोचलं. १९६६ साली भारताने तिथून १८,००० टन बियाणं आणलं.

यातलं एक जनुक उंची साधारण १५ ते २० टक्के घटवतं. नत्र वाढवलं की उंच गहू लोळतो. हेक्टरी १२० किलो नत्र देता येतं ते या बुटक्या काडामुळे. पण फायदा तेवढाच नाही, आणि याकडे लोकांचं फार कमी लक्ष जातं. फुलोऱ्याआधीच्या काही आठवड्यांत खोड आणि ओंबी एकाच वेळी वाढत असतात. खोडाची भूक कमी झाली की ओंबीला जास्त अन्न मिळतं, अधिक फुलं टिकतात आणि दाण्यांची संख्या वाढते.

याची किंमत जमिनीखाली मोजावी लागते. कोवळ्या पानाला माती फोडून वर नेणारी नळी, म्हणजे कोलिओप्टाइल, तीही आखूड होते. उंच वाणांत ती १० सेंटिमीटरपुढे जाऊ शकते, या वाणांत बहुधा ६-७वर थांबते आणि माती गरम असेल तर आणखी कमी. बागायतीत ५ सेंटिमीटरवर पेरलं की निभावतं. जिरायतीत ओल खाली गेलेली असते, बी खोल पडतं, पान मातीतच उघडून दुमडतं आणि उगवण विरळ होते. दोष बियाण्यावर येतो, पण कारण जनुकात असतं.

म्हणून जिरायतीसाठी दुसरी जनुकं हवीत, असं माझं ठाम मत आहे. २डीवरचं आरएचटी-८ इटलीचे गहू-पैदासकार नाझारेनो स्त्राम्पेल्ली यांनी अकाकोमुगी या जपानी गव्हातून आणलं. आरएचटी-१४ आणि आरएचटी-१८ ही ६ए गुणसूत्रावर आहेत. त्यांच्यावर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत काम झालं आहे. आरएचटी-१८मध्ये जिबरेलिन मोडणारं विकर जास्त तयार होतं. यांत दाद देण्याची यंत्रणा शाबूत राहते आणि कोलिओप्टाइल लांब राहतं.

संकर करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. बी१वाला आणि डी१वाला असे दोन सारख्याच उंचीचे गहू एकत्र केले, तर दुसऱ्या पिढीत १६तलं एक रोप पूर्ण उंच आणि एक दोन्ही जनुकांचं खुजं निघतं. ते पाहून बियाण्यात भेसळ झाली असं समजू नये.

ओळख पटवायची सोपी चाचणी अशी. एकसारख्या आकाराचे दाणे घ्या, भिजवून काही दिवस ४ अंशांवर ठेवा, म्हणजे सगळे बरोबरीने उगवतील. मग एका तबकातल्या पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम जिबरेलिक आम्ल (जिबरेलिनचाच एक प्रकार) घाला. ते पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवावं लागतं. नियंत्रणाच्या, म्हणजे जिबरेलिन न घातलेल्या, तबकातल्या पाण्यातही तेवढंच अल्कोहोल घाला. दहा-बारा दिवसांनी दोन्ही तबकांतल्या पहिल्या पानाची लांबी मोजा. फरक पडला नाही तर बी१ किंवा डी१ असण्याची दाट शक्यता. फरक पडला म्हणून मात्र रोप उंच जातीचं ठरत नाही, कारण आरएचटी-८ आणि १८ही लांबतात.

बी१ की डी१, हे डीएनए चाचणीच (पीसीआर) सांगते. तिथे बुटक्या आणि उंच रूपाच्या दोन्ही अभिक्रिया त्याच नमुन्यावर लावा. एकच लावली आणि पट्टा (जेलवर दिसणारी डीएनएची रेघ) आला नाही, तर जनुक नाही की डीएनए खराब, हे कळत नाही. अभिक्रियेचं तापमान कमी ठेवलं तर एका अक्षराचा फरक प्रायमरला (जनुकाला जाऊन चिकटणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याला) दिसत नाही आणि खोटा पट्टा उमटतो, म्हणून ज्याचं जनुक माहीत आहे असं वाण दर वेळी जेलच्या शेजारच्या खाचेत चालवा.