पहिला टँक केवढा घ्यावा?

श्रोतेहो, नमस्कार.

घरात खाऱ्या पाण्याचा टँक ठेवायची इच्छा असलेला कुणीही भेटला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. 'आधी छोटासा घेतो. जमलं तर मग मोठा. चालेल ना?' गोड्या पाण्यात गप्पी, मॉली पाळायचे असतील तर एक वेळ चालेल. समुद्राच्या माशांना नाही चालत. माझं उत्तर एकच असतं. लांबी ३ फूट, रुंदी दीड फूट, उंची दीड फूट. हाताशी कागद असेल तर लिहूनच घ्या: ३, दीड, दीड.

असं का, ते माझ्याच घरात घडलेल्या गोष्टीतून सांगतो.

मी नाशिकचा. माझा पहिला टँक होता फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. एका घनफुटात २८ लिटर पाणी मावतं. त्यातून वाळूची, दगडांची जागा वजा केली, की उरलं जेमतेम २५ लिटर. नवख्याला एवढाच बरा, असं दुकानदाराने सांगितलं आणि मी ऐकलं. त्यात क्लाउनफिशची जोडी सोडली, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली. चार महिने सगळं छान चाललं.

मे महिन्यात साताऱ्याला घरचं लग्न निघालं. पाच दिवस जायचं होतं. माझी आक्का, म्हणजे वडिलांची मोठी बहीण, गुडघ्यांमुळे घरीच राहणार होती. मी तिला सांगितलं, 'सकाळी एकदा चिमूटभर खाणं घाल, बस.' आक्काने आयुष्यभर दारी आलेल्या कुणालाही उपाशी पाठवलेलं नाही. तिची चिमूट म्हणजे अर्धी मूठ.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. 'अरे, पोरं सारखी वर येतात. तोंडं उघडतात, मिटतात. भुकेली दिसतायत रे.' मागे सनई-चौघडा चालू होता, मी घाईत होतो. म्हणालो, 'मग दे आणखी थोडं.'

श्रोतेहो, ते मासे भुकेले नव्हते. त्यांना श्वास घेता येत नव्हता.

आम्ही परतलो तेव्हा टँकचं पाणी भाताच्या पेजेसारखं झालं होतं. आक्का समोर पाटावर बसून होती. जोडीतली मोठी, म्हणजे मादी, तळाशी आडवी पडली होती. लहान नर कोपऱ्यात वरच्या बाजूला धापा टाकत होता. मी अमोनियाची चाचणी केली. नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं, ते गर्द हिरवं झालं. रात्री दोन वाजेपर्यंत मीठ कालवून थोडंथोडं पाणी बदलत राहिलो. नर वाचला. आक्का दोन दिवस नीट जेवली नाही. 'माझ्या हाताने गेली,' एवढंच म्हणायची. मी तिला तेव्हाही सांगितलं आणि आज तुम्हालाही सांगतो: तिच्या हाताने नाही गेली. मी घेतलेल्या टँकमुळे गेली.

न खाल्लेलं अन्न कुजतं, त्यातून अमोनिया होतो. दगडांवर, वाळूत वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नव्या टँकमध्ये ही घडी बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, तोवर मासा आणू नये. पण घडी बसली तरी त्या जिवाणूंना रोजचाच भार पेलतो, एकदम चौपट आलेला नाही. त्यात समुद्राच्या पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे त्याचं माप, ८ च्या वर, आणि अशा पाण्यात अमोनिया जास्त जहाल होतो. वाटीभर आमटीत चमचाभर मीठ जास्त पडलं तर ती फेकावी लागते. पातेलंभर आमटीत तेवढंच पडलं तर निभावून नेता येतं. ३ फुटी टँकमध्ये दीडशे-पावणेदोनशे लिटर पाणी राहतं, माझ्या टँकच्या सहापट. आक्काची तीच अर्धी मूठ तिथे सहापट पातळ झाली असती.

मग ६ फुटी का नको? कारण दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं असतं. ३ फुटीला ते एक बादली होतं, आणि लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबाने अर्धा-पाऊण किलो मीठ. स्वयंपाकाचं मीठ नव्हे हं, माशांसाठी मिळतं ते. ६ फुटीला चार-पाच बादल्या लागतात, आणि दिवाळीपर्यंत उत्साह संपतो.

वजनाचाही विचार करा. पाणी, काच, दगड, वाळू मिळून अडीचशे किलोच्या आसपास जातं. टीव्हीच्या टेबलावर ठेवू नका, लोखंडी स्टँड करून भिंतीलगत ठेवा. उन्हाळ्यात पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून कमी झालेल्या पाण्याच्या जागी साधं आरओचं पाणी घाला, खारं नाही. पाणी उडतं, मीठ उडत नाही, हे लक्षात ठेवा.

आणि दगडांवरून आठवलं म्हणून सांगतो. कुणी जिवंत प्रवाळ किंवा समुद्रघोडा विकायला आणला तर सरळ नाही म्हणा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने दोन्हींना संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. ते समुद्रातच शोभतात. क्लाउनफिशचं तसं नाही, त्यांची पैदास आता आपल्याकडे हॅचरीत होते. तसेच मागून घ्या. लहानपणी मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात वडिलांचं बोट धरून गेलो नसतो, तर मी या छंदात पडलोच नसतो. १९५१ सालचं ते मत्स्यालय बंद झालं तेव्हा मला फार वाईट वाटलं. मुलांना समुद्र काचेतून दाखवणारी जागा प्रत्येक जिल्ह्यात हवी.

तर, वाचलेल्या त्या नराला मी ३ फुटी टँकमध्ये हलवलं. पुढे एक लहान जोडीदार आणून सोडला. क्लाउनफिश सगळे आधी नर असतात, जोडीतला मोठा मादी होतो. आमचाही झाला. दीड वर्षाने दगडावर नारिंगी अंडी दिसली, आणि ती पहिल्यांदा आक्काला दिसली.

आता गावाला जाताना मी रोजच्या खाण्याच्या पुड्या बांधून ठेवतो, एका दिवसाला एक. आक्का पुडी उघडते, पाण्यात सोडते आणि मला फोन लावते. 'एवढंच रे?'

'एवढंच, आक्का.'

नमस्कार.